भिंतीकडे तोंड

पुण्याच्या हळबेबाईंनी सतार गवसणीतून काढली, अब्बांच्या पुढ्यात सतरंजीवर आडवी ठेवली आणि बाजाची, म्हणजे मुख्य तार एकदाच छेडली. लगेच हाताने दाबूनही टाकली, रडक्या पोराच्या तोंडावर हात ठेवावा तशी.

"गौसभाई, ही माझी सतार राहिली नाही. पत्र्याचा डबा वाजवल्यासारखी वाजते. उरुसात हिच्यावर मी काय वाजवू?"

दुकानात आम्ही तिघे होतो. गादीवर अब्बा, म्हणजे गौस उस्ताद. त्यांच्या हातची जवारी करून घ्यायला लोक कलकत्त्याहून मिरजेला यायचे. दाराशी सतारीच्या भोपळ्याला पॉलिश करत बसलेले त्यांचे धाकटे भाऊ, दस्तगीरचाचा. आणि अब्बांच्या डाव्या हाताला मी, मुनीर, त्यांचा एकुलता एक मुलगा, वय चोवीस. मिशी फुटल्यापासून मी त्याच जागेवर बसत होतो आणि गादीवर कधी सरकायला मिळतं याची वाट पाहत होतो.

जवारी काय असते ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं भांडण कळायचं नाही. सतारीच्या तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा माथा कानशीने असा घासायचा की कंप पावणारी तार तिला ओझरती चाटून जाईल. त्या चाटण्यातून झंकार येतो. कमी घासली तर सतार मुकी राहते, जास्त घासली तर माथा सपाट होतो आणि सतार किरकिरायला लागते. मधली जागा केसाएवढी असते आणि ती फक्त कानाला कळते. घासायचं, तार चढवायची, ऐकायचं, तार उतरवायची, पुन्हा घासायचं. आमच्या घराण्याची सगळी इभ्रत एवढ्यावर उभी होती.

त्या हिवाळ्यात सतारी परत यायला लागल्या होत्या. एक धारवाडहून आली, एक मुंबईहून, आणि आता ही. तक्रार प्रत्येकाची एकच, फार खुलली, कर्कश झाली.

अब्बांनी तारा ढिल्या केल्या, घोडी काढली आणि उजेडाकडे धरून एक डोळा मिटून पाहिली. मग माथ्यावरून अंगठा फिरवला.

"सपाट झालीय," ते म्हणाले, आणि मान माझ्याकडे वळवली. "ह्यानं घासली."

मी शेवटचा झिरो नंबरचा घासकागद मारायचो, बस्स. त्या कागदाने घोडीला चकाकी येते. त्याने माथा सपाट करायचा तर जन्म जाईल. हे अब्बांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

"ह्याचे कान गेलेत बाई," अब्बा पुढे म्हणाले. "कानाला ती इंग्रजी बोंबाबोंब लावून बसतो. मी करतो त्यावर हा मागनं हात चालवतो. त्याला ऐकूच येत न्हाई, त्याला काय कळणार."

घरात आम्ही दखनी उर्दूत भांडायचो. त्या दिवशी अब्बांनी बाईंना समजावं म्हणून मुद्दाम मराठीत सुनावलं. दारावरून जाणारे दोघे थांबले. माझ्या कानशिलाची शीर उडायला लागली.

बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. उरुसाच्या आधी येते म्हणाल्या, आणि तोवर जमणार नसेल तर आताच सांगा, मी समोर देते, असंही म्हणाल्या. समोर म्हणजे रस्त्यापलीकडचं दुकान. त्या दुकानाशी आमचं दोन पिढ्यांचं वैर होतं, आणि बाईंसारखं गिऱ्हाईक तिकडे गेलं की मागोमाग सगळं पुणं जाणार होतं.

बाई गेल्या आणि अब्बा आमच्या भाषेत आले; ती आणि पुढची घरातली बोलणी मी मराठी करून सांगतोय. आजपासून घोडीला हात लावायचा नाही. उरूस झाला की उठायचं आणि मामाकडे इचलकरंजीला मागावर जायचं. बहिऱ्याला मागावर काही अडचण येत नाही, तिथे सगळेच बहिरे असतात.

त्या बोंबाबोंबीचं आता सांगतो. 'कोल्ड फाउंड्री' नावाचा सत्तरच्या दशकातला चार जणांचा इंग्रजी बँड. त्यांचा पहिला अल्बम मला शाळेत असताना एका मित्राच्या मोबाइलवर सापडला आणि मी त्याला चिकटलो तो चिकटलोच. गिटारचा आवाज असा फाटका, दाणेदार, की मला पहिल्यांदा वाटलं, ही तर जवारी आहे. कुणीतरी विजेच्या तारेची जवारी केलीय. हे मी एकदा अब्बांना सांगितलं होतं. त्यांनी पायातली चप्पल काढली होती.

हे भांडण झालं त्याच साली इंजिनिअरिंगला असलेल्या दुसऱ्या एका मित्राने मला तोच अल्बम लॉसलेस आणून दिला. मोबाइलवरची फाइल लहान करण्यासाठी त्यातले बारीक आवाज गाळून टाकलेले असतात. लॉसलेसमध्ये काही गाळत नाहीत. स्टुडिओत जे वाजलं ते जसंच्या तसं. सांगलीतला एक रेकॉर्डिंग स्टुडिओ बंद पडला तेव्हा त्यांचे दोन स्पीकर मी उचलले होते, ते माडीवर लावले आणि तो अल्बम पहिल्यांदा पुरता ऐकला. तोवर मी त्याचं सालपटच चघळत होतो असं वाटलं. बोटं तारेवरून सरकल्याचा आवाज येत होता, गाणाऱ्याने घेतलेला श्वास येत होता. मी आनंदाने वेडा झालो होतो, आणि आता त्याच आनंदापायी माझी जागा जायची वेळ आली होती.

खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. अब्बांचा कान म्हणजे आमच्या गल्लीत कायदा. त्यांनी म्हटलं तुझे कान गेले, तर गेले असतील. रात्री कानाला हेडफोन लावून झोपायचो हे खोटं नव्हतं. मी चोरून स्वतःची परीक्षा घ्यायला लागलो. घड्याळ लांब धरायचं, अंगठ्याने केस चोळायचे, ऐकू येतंय का पाहायचं. येत होतं, पण घाबरलेल्या माणसाचा स्वतःवर विश्वास नसतो.

शेवटी दस्तगीरचाचांनी मध्ये तोंड घातलं. चाचांना भांडण मिटवण्यापेक्षा पाहण्यात जास्त रस असायचा, पण त्या दिवशी त्यांनी बरोबर बोट ठेवलं. हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणाले. पोराला भिंतीकडे बसवा.

ही आमच्या घराण्याची रीत. शिकाऊ मुलाला भिंतीकडे तोंड करून बसवायचं, मागून उस्तादाने एकेक तार छेडायची, आणि मुलाने सांगायचं की कुठली तार, उतरलीय की चढलीय, जवारी बंद की खुली. डोळ्याची मदत नाही, चेहऱ्याची नाही. आजोबांनी अब्बांना बसवलं होतं, अब्बांनी मला. भिंतीकडून वळून पाहिलं की फटका बसायचा.

जेवणं झाल्यावर दुकानाचं अर्धं दार ओढून घेतलं आणि मी बसलो. अब्बांनी तरफेच्या, म्हणजे पडद्यांखालच्या बारीक तारा एकेक करून वाजवल्या, मधूनच एखादी खुंटी बोटभर पिळली. मी सगळ्या सांगितल्या. एकदाही चुकलो नाही. मागून चाचांचं "हं, हं" येत होतं आणि माझी छाती फुगत होती.

"ही घरची सतार," अब्बा म्हणाले. "त्याला पाठ हाय. पोपटाला पण पाठ असतं."

मी वळलो. फटक्याची भीती राहिली नव्हती.

"मग माझ्या गाण्यावर घ्या," मी म्हणालो. "तुम्ही म्हणता ती नुसती बोंबाबोंब हाय. वर चला, भिंतीकडं तोंड करून बसा, आणि त्यात काय काय वाजतंय ते सांगा. मी पण सांगतो. जो कमी सांगेल त्यानं घोडीला हात लावायचा न्हाई."

आमच्यात मुलगा बापाला असं बोलत नाही. चाचांच्या हातातला पॉलिशचा बोळा तसाच राहिला. मला वाटलं आता चप्पल निघणार, पण अब्बा गुडघ्यावर हात देऊन उठले.

"चल," म्हणाले. "हारलास की आजच इचलकरंजी. उरसापर्यंत पण थांबायचं न्हाई."

माडीवर त्यांनी पाय ठेवल्याला वर्षं झाली होती. स्पीकरकडे त्यांनी गटाराकडे बघावं तसं बघितलं, चटईवर भिंतीसमोर मांडी घातली आणि आवाज बारीक ठेवायला सांगितलं. मोठ्या आवाजात गाढवालापण ऐकू येतं, म्हणाले. मी त्यांच्याशेजारी, माझंही तोंड भिंतीकडे. चाचा पंच म्हणून लॅपटॉपपाशी. मी मुद्दाम काही निवडलं नाही, पहिल्या गाण्यापासून लावलं.

आणि मी हरायला लागलो.

अब्बांनी पहिल्या दोन मिनिटांत माझी चटणी केली. गिटार एक नाही, दोन आहेत, डावीकडच्याची खालची तार किंचित उतरलेली आहे. जाड आवाजाच्या तारेवाला, म्हणजे बेसवाला, सम गाठताना दर खेपेला जराशी घाई करतो. ढोलाचं कातडं सैल आहे आणि त्यात कापड कोंबलंय. गाणारा एकटा नाही, त्याच्यामागे त्याचाच आवाज पुन्हा घातलाय. मी हा अल्बम शेकडो वेळा ऐकला होता आणि यातलं निम्मंसुद्धा मला कधी लक्षात आलं नव्हतं. मला दिसत होतं की ते भिंतीकडे बघत मान डोलवतायत, तुच्छतेने, पण तालात. मी काही सांगायला तोंड उघडावं तोवर ते सांगून मोकळे. मागे चाचांनी माझी आशा सोडल्याचं त्यांच्या श्वासावरूनच कळत होतं. मला इचलकरंजीचे माग ऐकू यायला लागले. रडू येत होतं आणि रागही येत होता, की हा माणूस माझ्या गाण्यातही मला हरवतो.

"अजून लाव," अब्बा म्हणाले. "पोरगं गप का झालं?"

असं करत तिसरं गाणं आलं. त्या गाण्यात मध्यावर सगळे थांबतात. गिटार, बेस, गाणारा, सगळे एका दमात गप्प. राहते फक्त ड्रमवाल्याची झांज. तोही ती ठोकत नाही, काठीच्या टोकाने कडेवर नुसती भुरभुर करतो, चाळणीतून रवा पडावा इतकी बारीक. मोबाइलच्या फाइलमध्ये या जागी नुसता पाण्यासारखा गढूळ आवाज होता. लॉसलेसमध्ये कण न् कण वेगळा ऐकू येतो. ही भुरभुर बराच वेळ चालते आणि मग सगळे एकदम अंगावर येतात.

सगळे थांबले. झांज सुरू झाली. मी श्वास धरला, कारण ही माझी लाडकी जागा होती आणि इथे तरी मला आधी काहीतरी सांगायचं होतं.

"बंद का केलंस?" अब्बा म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते भिंतीकडेच बघत होते, रीतीप्रमाणे, वाट पाहत. झांज वाजत होती.

"हारलास म्हणून बंद केलंस व्हय? लाव की पुढचं."

मी मागे वळलो. चाचा माझ्याकडे बघत होते, तोंड अर्धवट उघडं. त्यांनी लॅपटॉपकडे बोट केलं, स्पीकरकडे केलं, मग हात खाली टाकला. झांज चालूच होती, स्वच्छ, लख्ख, सगळी खोली भरून. तिघांपैकी दोघांसाठी.

तेव्हा मला सगळं कळलं. सतारी परत का येत होत्या ते. अब्बांना वरचा झंकार ऐकू येणं थांबलं होतं. कानशीच्या किरकिरीत पन्नास वर्षं काढलेला कान वरच्या टोकाकडून कुरतडला गेला होता आणि खालचा सगळा शाबूत होता, म्हणून त्यांना स्वतःलाही पत्ता लागला नव्हता. तार छेडली की त्यांना ती मुकी वाटायची. मग आणखी घासायचे. त्यांना झंकार ऐकू येईपर्यंत घासायचे, आणि तोवर जगासाठी ती सतार पत्र्याचा डबा झालेली असायची.

मी हात पुढे करणार होतो, गाणं खरंच बंद करणार होतो. उशीर झाला. गिटार, बेस, ढोल सगळे एकदम कोसळले.

अब्बांची पाठ ताठ झाली. गाणं संपलं, चाचांनी पुढचं लागू दिलं नाही. खाली रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"मधी काय होतं?" अब्बांनी भिंतीला विचारलं.

मी चाचांकडे पाहिलं.

"दस्तगीर, तू सांग. लय सुनं गेलं मधी. लयकारी तोडून एवढा वेळ कुणी बसत न्हाई. काय होतं?"

"झांज, भाईजान," चाचा म्हणाले.

"तुला आली?"

"आली."

"पोराला?"

"पोराला पण." मग अब्बा उठले, माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर इतका राग होता की मी मागे सरकलो.

"तू मुद्दाम लावलंस हे," ते म्हणाले. "बापाला भिंतीकडं बसवून नागडं केलंस."

अल्लाची शपथ, ते माझ्या मनातही नव्हतं. मी तसं म्हणालोही, पण ते जिना उतरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात गेलो तर हळबेबाईंच्या सतारीसाठी कोरी घोडी आणि अब्बांची कानस माझ्या जागेवर ठेवलेली. अब्बा गादीवर, पाठ माझ्याकडे. मी समजलो आणि कामाला लागलो. ते दिवस फार वाईट गेले. मी घासायचो, तार चढवायचो, ऐकायचो. अब्बा न बघता हात मागे करायचे, मी घोडी त्यांच्या हातात द्यायचो, ते माथ्यावरून अंगठा फिरवायचे आणि परत फेकायचे. फेकायचेच. "डावीकडं ढीग राहिलाय." "कानस हाय ती, नांगर न्हवं." एवढंच बोलायचे, तेही चाचांना उद्देशून. अंगठ्याने त्यांना जे कळायचं ते मला दिसत नव्हतं, आणि मला जे ऐकू यायचं ते मी त्यांना सांगायची सोय नव्हती. एकदा मी चुकून म्हणालो, अब्बा, आता बोलायला लागली. त्यांनी हातातला चिमटा भिंतीवर मारला.

पण घोडी झाली. माझ्या आयुष्यातली ती पहिली.

बाई ठरल्याप्रमाणे आल्या. समोरच्या दुकानातले दोघे कारागीर आमच्या पायरीशी येऊन उभे राहिले, आमची फजिती बघायला. बाईंनी सतार मांडीवर घेतली, तार छेडली, आणि या खेपेला दाबली नाही. छेडत राहिल्या. मग आलाप सुरू केला आणि डोळे मिटले. अब्बा बाईंच्या बोटांकडे बघत होते, आणि मला माहीत होतं की बाईंना जे मिळालं ते त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीये.

"हाच आवाज," बाई म्हणाल्या. "गौसभाई, काय हात आहे तुमचा."

आता ते सांगतील, असं मला वाटलं. ह्यानं केली, एवढे दोन शब्द. मी मान खाली घालून थांबलो.

"हात माझाच हाय," अब्बा म्हणाले. "पोराला मी घोडीवरनं उठवलंय. सांगितलं न्हवतं का, कान गेलेत त्याचे. आता नुसता हाताखाली बसतो."

पायरीवरचे दोघे हसले. चाचा भोपळ्यावर वाकले. माझं डोकं फिरलं. एक वाक्य पुरेसं होतं. बाई, ह्यांना विचारा, आत्ता तुम्ही वाजवलंत त्यातलं किती ऐकू आलं. ते वाक्य माझ्या दातांपर्यंत आलं होतं.

बाई माझ्याकडे वळल्या. पहिल्यांदाच. "अरे, इतक्या लहान वयात? डॉक्टरांना दाखवलंस का रे?"

मी अब्बांकडे पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते. चेहरा तसाच, कडक, भांडखोर, पण हातातली गवसणी ते उगाच घडी करत होते आणि ती घडी त्यांना जमत नव्हती. चोवीस वर्षांत त्या माणसाला मी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. मला त्यांचा संताप आला होता आणि तो कमी झाला नाही, अजूनही पुरता झालेला नाही.

मी बाईंकडे थोडा वाकलो आणि कानामागे हात धरला.

"काय म्हणालात, बाई?" मी विचारलं. "जरा मोठ्यानं बोला."

बाईंना वाईट वाटलं. त्यांनी प्रश्न पुन्हा विचारला, ओरडून, एकेक शब्द तोडून. पायरीवरच्या दोघांनी ऐकला, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीने.

अब्बा त्यानंतर बरीच वर्षं गादीवर बसले. त्यांच्या नावाने गेलेली प्रत्येक जवारी मी केली, आणि ते मरेपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिले की पोरगं बहिरं निघालं. आता गादीवर मी बसतो. पण गल्लीतले जुने लोक अजूनही माझ्याशी ओरडूनच बोलतात, आणि मी त्यांना तसं बोलू देतो.